घटक ४ : ईद, नाताळ आणि इसवी सन – सणांच्या नावांतील धर्मसंवाद



मराठीतील अरबी-फारसी आणि पोर्तुगीज शब्दांचा परिचय ध्वनिपरिवर्तनाच्या अंगाने आपण मागील घटकात करून घेतला. या घटकात त्यांपैकीच काही शब्दांकडे आपण अर्थाच्या अंगाने पाहणार आहोत. हे शब्द सणांचे, कालगणनेचे आणि धर्मपुरुषांच्या नावांचे आहेत. ख्रिस्ती श्रद्धांकडे इस्लाम कसा पाहतो आणि दोन्ही धर्मांतील सणांचा उगम कोठे आहे, हे प्रश्न धर्मशास्त्राचे आहेत खरे. पण त्यांची उत्तरे मराठीत मांडू लागलो की ते भाषेचेही प्रश्न होतात. तुमच्यापैकी अनेक जण शाळेत शिकवतात, कार्यालयात परिपत्रके लिहितात, वृत्तपत्रांना बातम्या देतात. दुसऱ्याच्या श्रद्धेविषयी एक वाक्य लिहिण्याचा प्रसंग तुमच्यावर येतोच. ते वाक्य त्या श्रद्धेच्या माणसाने वाचले तर त्याला ते आपले वाटेल काय, ही कसोटी मनाशी ठेवून हा घटक वाचावा.

४.१ 'इ. स.' या दोन अक्षरांत काय आहे?

'इ. स. १८१८' असे आपण शाळेपासून लिहीत आलो आहोत. 'इसवी सन' या शब्दाची फोड मात्र फारसे कोणी करीत नाही. 'सन' हा वर्ष या अर्थाचा अरबी शब्द आहे. 'इसवी' म्हणजे ईसाचा, ईसाशी संबंधित. येशू ख्रिस्ताचे कुरआनातील नाव 'ईसा' असे आहे. अरबस्तानातील ख्रिस्ती लोक त्यालाच 'यसू' म्हणतात. म्हणजे एकाच अरबी भाषेत एकाच व्यक्तीची दोन नावे आहेत आणि कोणते नाव उच्चारले जाते यावरून बोलणाऱ्याचा धर्म कळतो. मराठीने ख्रिस्ती वर्षगणनेला जे नाव दिले ते ख्रिस्ती परंपरेतून घेतले नाही, मुस्लिम परंपरेतून घेतले. 'ख्रिस्ताब्द' हा पर्याय कोशात आहे, पण व्यवहारात 'इसवी'च टिकले.

(येथे एक लक्षात ठेवावे. 'सन' आणि 'सण' यांत दंत्य 'न' आणि मूर्धन्य 'ण' एवढाच उच्चारभेद असला तरी दोन्ही शब्दांची कुळे वेगळी आहेत. 'सण' हा संस्कृत 'क्षण' या शब्दापासून प्राकृत 'छण' या रूपातून आलेला आहे. उत्तरपत्रिकेत या दोहोंची गल्लत नेहमी आढळते.)

येशूची मराठीतील तीन नावे तीन वाटांनी आली. गोमंतकात 'जेजू' आहे, ते पोर्तुगीजांकडून आले. 'येशू' हे मराठी बायबलच्या भाषांतरांतून रूढ झाले. 'ईसा' अरबी-फारसीतून आले. 'ख्रिस्त' हे वास्तविक नाव नव्हे, ती पदवी आहे. हिब्रूत 'माशियाह', म्हणजे तैलाभिषेक झालेला. ग्रीक भाषेने त्याचे भाषांतर 'ख्रिस्तोस' असे केले, तर अरबीत त्याचे 'मसीह' हे रूप झाले. कुरआनात ईसाला 'अल-मसीह' म्हटलेले आहे. तेव्हा 'येशू ख्रिस्त' आणि 'ईसा मसीह' यांत शब्दशः काहीच फरक नाही. फरक आहे तो या शब्दांभोवती उभ्या राहिलेल्या श्रद्धेत.

याचे एक बोलके उदाहरण आपल्याच किनाऱ्यावर घडले. इंग्लंडमध्ये जन्मलेले जेझुइट धर्मगुरू थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले. त्याच वर्षाच्या अखेरीस अकबराच्या निमंत्रणावरून जेझुइटांचे पहिले मंडळ गोव्याहून फतेहपूर सिक्रीकडे निघाले. पुढे स्टीफन्सनी मराठीत, ओवीछंदात, 'ख्रिस्तपुराण' रचले आणि ते १६१६ साली राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. त्याआधी १६०२ साली जेरोम झेवियर यांनी अकबराच्या दरबारासाठी फारसीत ख्रिस्तचरित्र लिहिले होते. 'मिरआतुल कुद्स' या नावाचा तो ग्रंथ 'दास्तान-ए-मसीह' म्हणूनही ओळखला जातो. एकाच संघाच्या दोन धर्मगुरूंनी एकच चरित्र चौदा वर्षांच्या अंतराने दोन भाषांत सांगितले. मराठी श्रोत्याला ईसा ठाऊकच नव्हता. त्याच्यासाठी सगळी कथा पुराणाच्या घाटात नव्याने उभी करावी लागली. फारसी वाचकाला ईसा आणि मरियम लहानपणापासून ठाऊक होते; त्याला पटवायचे होते ते इतकेच की, तुम्ही ओळखता तो ईसा पुरता नाही. माझ्या मते दुसरे काम अधिक अवघड होते.

४.२ 'ईद' : कुरआनातील एकमेव उल्लेख

'ईद' हा शब्द ऐकताच आपल्या डोळ्यांसमोर रमजान ईद आणि बकरी ईद येतात. मात्र कुरआनात हा शब्द एकदाच आला आहे, आणि तो आला आहे हजरत ईसांच्या तोंडी. 'अल-माइदा' या पाचव्या सूरेच्या शेवटी हा प्रसंग आहे. ईसांचे शिष्य, ज्यांना कुरआन 'हवारी' म्हणते, त्यांना विचारतात, तुमचा प्रभू आमच्यासाठी आकाशातून अन्नाने भरलेले ताट उतरवू शकेल काय? ईसा त्यांना आधी ईश्वराचे भय बाळगायला सांगतात. शिष्य म्हणतात, आम्हांला त्यातले खायचे आहे, आमच्या अंतःकरणाला समाधान हवे आहे. तेव्हा ईसा प्रार्थना करतात की, असे ताट उतरव, जे आमच्या आधीच्यांसाठी आणि नंतरच्यांसाठी 'ईद' ठरेल आणि तुझी खूण ठरेल. ईश्वर ते मान्य करतो आणि त्यासोबत कठोर इशाराही देतो.

'माइदा' म्हणजे जेवणाचे मेज, वाढलेले ताट. ख्रिस्ती वाचकाला या प्रसंगात येशूने शिष्यांसह घेतलेले अखेरचे भोजन आठवते; काहींना पाच हजारांना भाकरी-मासे पुरवल्याची शुभवर्तमानातील कथा आठवते. अभ्यासकांनी दोन्ही साम्यांची चर्चा केली आहे. मुस्लिम भाष्यकार या प्रसंगाकडे ईश्वराच्या सामर्थ्याची खूण म्हणून पाहतात. ख्रिस्ती उपासनेतील भाकर आणि द्राक्षरस यांच्या विधीशी ते त्याचा संबंध जोडत नाहीत.

'ईद'ची व्युत्पत्ती अरबी कोशकार 'परत येणे' या अर्थाच्या धातूपासून देतात: दरवर्षी परत येते ती ईद. ही व्युत्पत्ती गोड आहे, पण आधुनिक भाषाशास्त्रज्ञांचा कल वेगळा आहे. आर्थर जेफरी यांचा कुरआनातील परभाषीय शब्दांवरील प्रसिद्ध ग्रंथ १९३८ साली बडोद्याला गायकवाडांच्या प्राच्य ग्रंथमालेत छापला गेला. त्यात हा शब्द अरामी-सिरियाक भाषेतून आला असावा असे दाखवले आहे, आणि 'माइदा'चे मूळ इथिओपियाच्या भाषेत शोधले आहे. सिरियाक ही त्या प्रदेशातील ख्रिस्ती उपासनेची भाषा होती. एका मराठा संस्थानाच्या खर्चाने असा ग्रंथ निघावा, ही आपल्या विद्याव्यवहाराच्या इतिहासातील एक सुखद नोंद आहे.

यावरून 'ईद ख्रिस्त्यांकडून उचलली' असा निष्कर्ष कोणी काढील तर तो घाईचा ठरेल. शब्द कोठून आला आणि सण कशासाठी आहे हे दोन वेगळे प्रश्न आहेत. 'सण' शब्दात 'क्षण' आहे म्हणून दिवाळी क्षणभराची होत नाही. मुस्लिम परंपरा आपल्या दोन ईदांचा उगम मदिनेत सांगते: प्रेषित तेथे आले तेव्हा लोक वर्षातील दोन दिवस खेळात घालवीत, त्यांऐवजी ईश्वराने अधिक चांगले दोन दिवस दिले आहेत, असे त्यांनी सांगितले. एक दिवस रमजानच्या उपवासांच्या समाप्तीचा, दुसरा हजच्या काळातील बलिदानाचा. हे दोन्ही दिवस कोणाच्याही जन्माचे नाहीत, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवावी.

४.३ जन्म मान्य, पण...

येशूचा जन्म कुमारी मातेच्या पोटी झाला, हे ख्रिस्ती मानतात आणि मुसलमानही मानतात. कुरआनातील एकोणिसाव्या सूरेचे नावच 'मरियम' आहे, आणि संपूर्ण कुरआनात नावाने उल्लेख झालेली ती एकमेव स्त्री आहे. त्या सूरेत प्रसूतीच्या वेदना होत असलेली मरियम खजुराच्या झाडाखाली येते, पायांशी झरा वाहतो, झाड हलवताच पिकलेला खजूर खाली पडतो. तेथे गोठा नाही, मेंढपाळ नाहीत, योसेफ नाही. आई एकटी आहे. पाळण्यातले मूल बोलते आणि आईवरचा आळ दूर करते.

त्या बोलण्यात ईसा आपल्या तीन दिवसांवर शांती मागतात: जन्मदिवस, मृत्यूचा दिवस आणि पुन्हा उठवले जाण्याचा दिवस. यांतील पहिल्यावर दोन्ही धर्मांचे बरेचसे एकमत आहे. दुसऱ्यापाशी वाटा फुटतात. चौथ्या सूरेत, त्यांनी त्याला मारले नाही आणि क्रुसावरही चढवले नाही, तसा भास झाला, अशा आशयाचे विधान आहे. त्याचे अर्थ भाष्यकारांनी निरनिराळे लावले. तरी बहुसंख्य मुसलमानांची धारणा अशी की, ईश्वराने ईसांना वर उचलून घेतले, ते अंतकाळापूर्वी परत येतील आणि मग त्यांना मृत्यू येईल.

आता सणांकडे पाहा. नाताळ जन्माचा सण आहे. गुड फ्रायडे क्रुसावरील मरणाचा दिवस आहे, आणि ईस्टर पुनरुत्थानाचा. ख्रिस्ती श्रद्धेचा गाभा दुसऱ्या दोहोंत आहे: मरण आणि पुनरुत्थान नसेल तर तारण नाही. इस्लामच्या दृष्टीने नेमक्या याच दोन दिवसांना आधार उरत नाही. नाताळाबाबत प्रसंग मान्य, अर्थ अमान्य. ईसा पैगंबर आहेत, ईश्वराचा 'शब्द' आहेत, पण ईश्वराचे पुत्र नाहीत, आणि ईश्वर तिघांपैकी एक नाही, असे कुरआन वारंवार सांगते. ख्रिस्ती धर्मवेत्ते यावर म्हणतात की, आम्हीही तीन ईश्वर मानीत नाही. एकाच ईश्वराचे तीन व्यक्तित्वांतील प्रकटन मानतो, आणि 'पुत्र' हा शब्द शारीरिक अर्थाने घेत नाही. वाद शतकानुशतके चालला आहे. १८५४ साली आग्र्याला मौलाना रहमतुल्ला कैरानवी आणि मिशनरी फांडर यांच्यात झालेला जाहीर वादविवाद त्यातला गाजलेला प्रसंग. मुंबईतही १८३०च्या दशकात डॉ. जॉन विल्सन यांचे हिंदू, पारशी आणि मुस्लिम विद्वानांशी वाद झाले.

नाताळच्या शुभेच्छा द्याव्यात की नाही, याबाबत मुस्लिम विद्वानांत आजही एकमत नाही. शुभेच्छा म्हणजे पुत्रत्वाच्या श्रद्धेला मान्यता, असे काही मानतात. वैर न करणाऱ्यांशी भलेपणाने वागावे ही कुरआनाची शिकवण दाखवून काही जण शुभेच्छा हा शेजारधर्म मानतात. पुण्यात कॅम्प किंवा नाना पेठेत राहणाऱ्यांना हा प्रश्न पुस्तकी वाटणार नाही. सवाई माधवरावांनी दिलेल्या जागेवर १७९२ साली नाना पेठेत उभे राहिलेले 'सिटी चर्च' पेशव्यांच्या फौजेतील ख्रिस्ती शिपाई-अधिकाऱ्यांसाठी होते. ज्या जिन्यांवर वेगवेगळ्या धर्मांची कुटुंबे समोरासमोर राहतात तेथे ईदचा शिरखुर्मा आणि नाताळचा केक आधी पोहोचतो, मतभेदांची चर्चा नंतर होते.

४.४ जन्म, मृत्यू आणि विवाह : नाताळ, मिलाद, उरूस

'नाताळ' हा पोर्तुगीज 'नाताल', मूळ लॅटिन 'नातालिस', म्हणजे जन्मासंबंधीचा. हिंदी-उर्दूत त्याला 'बडा दिन' म्हणतात. अरबीत 'ईदुल मीलाद', म्हणजे जन्माची ईद. हे नाव वाचून तुम्ही थबकला असाल. कारण आपल्याकडे 'ईद-ए-मिलाद' म्हणजे प्रेषित मुहम्मदांचा जन्मदिवस. तेच दोन शब्द कैरोच्या ख्रिस्ती माणसासाठी येशूजन्म सांगतात आणि पुण्याच्या मुसलमानासाठी प्रेषितजन्म. २०१५ साली भारतात ईद-ए-मिलाद २४ डिसेंबरला आली आणि दुसऱ्याच दिवशी नाताळ होता.

याच दिवसाचे जुन्या पंचांगांतले व कॅलेंडरांतले नाव 'बारावफात' असे आहे. 'वफात' म्हणजे मृत्यू. रबिउल अव्वल महिन्याच्या बारा तारखेला परंपरेने प्रेषितांचा जन्मही मानला आहे आणि मृत्यूही. एकाच तारखेचे एक नाव मृत्यूवरून, दुसरे जन्मावरून. आणि मराठी व्यवहारात पहिले मागे पडून दुसरे पुढे आले आहे.

जन्मदिवस साजरा करावा काय, हा प्रश्न खुद्द इस्लाममध्ये वादाचा आहे. प्रेषितांच्या काळात अशी प्रथा नव्हती. इजिप्तच्या फातिमी दरबारात तो दिवस पाळला जाऊ लागला. तेराव्या शतकाच्या आरंभी इराकमधील इरबिलच्या राज्यकर्त्याने त्याला मोठ्या उत्सवाचे रूप दिले. चौदाव्या शतकात वारलेले इब्न तैमिया यांनी ही प्रथा ख्रिस्त्यांच्या येशूजन्मोत्सवाच्या अनुकरणातून आली असावी अशी शंका घेतली आणि तिला नवी रूढी ठरवले. पण प्रेमापोटी करणाऱ्याला त्या प्रेमाचे पुण्य मिळू शकेल, असेही म्हटले. पुढे सुयूती यांनी ती 'चांगली नवी रूढी' म्हणून मान्य केली. ख्रिस्ती परंपरेतही ही सावधगिरी होती. तिसऱ्या शतकातील ओरिजेन याने, धर्मग्रंथात वाढदिवस साजरे करणारे फेरो आणि हेरोद यांच्यासारखे पापीच आढळतात, असे दाखवून दिले होते. सतराव्या शतकात इंग्लंडमधील प्युरिटनांनी १६४७ साली नाताळावर बंदीच घातली. म्हणजे 'हा सण मूळ धर्मात नाही' हा आक्षेप दोन्ही घरांत घरचाच आहे.

आरंभीचे ख्रिस्ती हुतात्म्यांच्या मृत्युदिनाला 'नातालिस', म्हणजे जन्मदिन, म्हणत. मरण हा स्वर्गातील जन्म, ही त्यामागची कल्पना. सूफी परंपरेत अवलियाच्या पुण्यतिथीला 'उर्स' म्हणतात, आणि 'उर्स' म्हणजे विवाह. मरण हे प्रियतमाशी मीलन. मराठीत त्याचे 'उरूस' झाले आणि अर्थ आणखी पुढे सरकला. आज खेडोपाडी 'उरूस' म्हणजे जत्रा: पाळणे, मिठाई, कुस्त्यांचा फड. मृत्यू तर सोडाच, लग्नही त्यात कोणाला दिसत नाही. वसई-गोव्याकडील 'फेस्त' हा पोर्तुगीज शब्द याच अर्थक्षेत्रात येऊन बसला, आणि वांद्र्याच्या माउंट मेरीच्या सणाला आपण सरळ 'जत्रा' म्हणतो. तो सण मरियमेच्या जन्माचा आहे, ८ सप्टेंबरचा.

४.५ तारखेचा प्रश्न

येशूच्या जन्माची तारीख शुभवर्तमानांत नाही, कुरआनातही नाही. काही मुस्लिम लेखक खजूर पिकण्याचा हंगाम दाखवून म्हणतात की, जन्म डिसेंबरातला नसावा. युक्तिवाद चतुर आहे. पण ज्या प्रसंगाकडे चमत्कार म्हणून पाहायचे त्यातून ऋतू काढणे अवघडच. शिवाय २५ डिसेंबर ही शोधून काढलेली ऐतिहासिक तारीख आहे, असा दावा ख्रिस्ती अभ्यासकही सहसा करीत नाहीत. त्या तारखेची रोममधील सर्वांत जुनी नोंद ३५४ साली संकलित झालेल्या एका पंचांगात मिळते. ती का निवडली याची दोन स्पष्टीकरणे आहेत. पहिले: रोमन सम्राट ऑरेलियन याने २७४ साली अजिंक्य सूर्याच्या पूजेला राजाश्रय दिला; त्या सूर्योत्सवाच्या दिवशी ख्रिस्त्यांनी आपला सण ठेवला. दुसरे: येशूचा गर्भप्रवेश २५ मार्चला मानून नऊ महिने मोजले. पहिले लोकप्रिय आहे. म्हणून ते सिद्ध झालेले आहे असे समजू नये. आर्मेनियन चर्च ६ जानेवारीला जन्म पाळते, आणि जुने जुलियन पंचांग पाळणाऱ्या चर्चांचा नाताळ आता ७ जानेवारीला येतो.

ईस्टर चंद्रावर अवलंबून आहे: वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेनंतरचा रविवार. इस्लामी वर्ष शुद्ध चांद्र, सुमारे ३५४ दिवसांचे. अधिक महिना धरण्यास कुरआनात मनाई आहे. त्यामुळे ईद दरवर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे येते आणि साधारण ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येते. आपल्या पंचांगात अधिक मास असल्याने दिवाळी ऋतू सोडत नाही. शेतसाऱ्याला फिरते वर्ष चालत नाही, म्हणून दख्खनेत 'सुहूर सन' वापरात आला: आकडा हिजरीच्या वळणाचा, वर्ष सौर, आरंभ मृगाला. पेशवे दप्तरातील कागदांवर पानिपताचे वर्ष 'इहिदे सितैन मया व अलफ', म्हणजे अरबीत ११६१, असे लिहिलेले आढळते. जानेवारी १७६१ साठी त्यात ६०० मिळवावे लागतात. पुण्यातील ब्राह्मण कारकून हे अरबी आकडे रोज लिहीत असे, आणि त्यात त्याला काही परके वाटत नसे.

सणांच्या नोंदी कशा कराव्यात याचा उत्तम नमुना अल्बेरुनीने इ. स. १००० च्या सुमारास घालून दिला. भारतावरील ग्रंथामुळे तो आपल्या ओळखीचा आहे. त्यापूर्वीच्या कालगणनेवरील ग्रंथात त्याने ज्यू, ख्रिस्ती, इराणी आणि अरब यांचे सण एकेक करून नोंदवले. ख्रिस्त्यांमधील पंथभेदही त्याने वेगळे दाखवले. स्वतःची श्रद्धा त्याने लपवली नाही आणि दुसऱ्याची वाकवलीही नाही.

४.६ 'प्रेषित' कोण?

आता लेखनाचा प्रत्यक्ष प्रश्न. मराठीत 'प्रेषित मुहम्मद' लिहितात आणि 'प्रेषित पौल' असेही लिहितात. मराठी बायबलातील 'प्रेषितांची कृत्ये' हे पुस्तक येशूच्या शिष्यांविषयी आहे. ग्रीक 'अपोस्तोलोस' आणि अरबी 'रसूल' या दोहोंचा शब्दार्थ 'पाठवलेला' असाच आहे, म्हणून मराठी भाषांतरकारांनी दोन्हीकडे एकच शब्द वापरला. पण ख्रिस्ती मराठीत 'प्रेषित' म्हणजे येशूने पाठवलेला शिष्य. ईश्वराचा निरोप आणणाऱ्या यशयासारख्यांना तेथे 'संदेष्टा' म्हणतात. मुस्लिम मराठीत 'प्रेषित' म्हणजे ईश्वराने पाठवलेला रसूल. त्यामुळे 'इस्लाम येशूला प्रेषित मानतो' हे वाक्य ख्रिस्ती वाचकाला येशूची त्याच्याच शिष्यांच्या रांगेत बसवणूक वाटेल, तर मुस्लिम वाचकाला तो सर्वोच्च सन्मान वाटेल. अशा ठिकाणी 'पैगंबर' हा फारसी शब्द वापरणे मला अधिक निर्धोक वाटते. त्यावर मराठीत दुसरा कोणी हक्क सांगत नाही.

दुसरी बाब क्रियापदाची. 'येशू क्रुसावर मेला नाही' आणि 'येशू क्रुसावर मेला नाही, असे मुसलमान मानतात' यांतील शेवटचे तीन शब्द केवळ सभ्यतेसाठी नाहीत. ते विधानाचा मालक सांगतात. मात्र ते एका धर्माच्या विधानाला जोडायचे आणि दुसऱ्याच्या विधानाला गाळायचे, हा पक्षपात पाठ्यपुस्तकांतही डोकावतो. तिसरी बाब आदरार्थी रूपाची. ख्रिस्ती मराठीत येशूला एकवचन चालते, कारण ईश्वराला आपण 'तू' म्हणतो. मुस्लिम मराठीत 'हजरत ईसा' अनेकवचनीच येतात, कारण ते माणूस आहेत. या पाठात दोन्ही रूपे आली आहेत. ती कोठे कोणती आली आहेत हे पुन्हा तपासून पाहा.

स्वाध्याय

१. 'नाताळ', 'उरूस' आणि 'बारावफात' या शब्दांच्या मूळ अर्थात व मराठीतील रूढ अर्थात कोणते अंतर पडले आहे, ते सोदाहरण लिहा.

२. 'व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे' हे विधान 'ईद' या शब्दाच्या आधारे तपासा. या पाठातील मांडणी तुम्हांला पटत नसेल तर तसे कारणांसह लिहावे.

३. नाताळ किंवा ईदनिमित्त मराठी वृत्तपत्रात आलेली एखादी बातमी घ्या. तिच्यातील प्रत्येक धर्मविषयक विधानाचा 'मालक' कोण आहे, हे वाक्यरचनेवरून दाखवा आणि जेथे तो गाळला आहे तेथे वाक्य दुरुस्त करा.

४. तुमच्या तालुक्यात उरूस, जत्रा, यात्रा, फेस्त यांपैकी कोणते शब्द कोणत्या स्थळांसाठी वापरले जातात? वेगवेगळ्या वयाच्या आणि धर्मांच्या किमान सहा व्यक्तींना विचारून तक्ता तयार करा.